सी प्लसच्या शेजारी काय लिहिलंय?

पत्र

प्रिय ताई,

मी कॉलेजच्या पहिल्या वर्षाला आहे. माझे विषय विज्ञानाचे, पण पहिल्या सत्रात लेखनाचा एक कोर्स सगळ्यांना सक्तीचा आहे. शाळेत माझे निबंध वर्गात वाचून दाखवायचे, त्यामुळे हा कोर्स हातचा मळ आहे असं धरून चालले होते. पहिल्या पेपरला सी प्लस मिळाला. विषय होता, वर्गात लॅपटॉपवर टिपणं काढायला बंदी असावी का? शुद्धलेखनाची एकही चूक नाही. सरांनी समासात लिहिलंय: ‘हे तुझं म्हणणं की सगळ्यांचं?’, ‘कोणी सिद्ध केलं? कसं?’, ‘बरं, मग?’ आणि दुसऱ्या पानावर, ‘पेपर इथे सुरू होतो.’ माझ्या शेजारी बसणाऱ्या मुलाच्या पेपरात ढीगभर चुका होत्या, त्याला ए मायनस! पेपर सुधारून द्यायला दहा दिवस आहेत. मैत्रीण म्हणते, चॅटबॉटकडून लिहून घे, सुटशील. सरांकडे जावं तर मार्कांसाठी रडत आली असं वाटेल. लेखनाचं ग्रेडिंग शेवटी शिक्षकाच्या मर्जीवरच असतं का? पेपर सोबत जोडला आहे. खरं सांगा, मला लिहिता येत नाही का?

– गोंधळलेली

उत्तर

तुझा पेपर दोनदा वाचला. तुला लिहिता येतं. वाक्यं सरळ आहेत, शब्द नेमके जागेवर पडतात, वाचताना कुठे ठेच लागत नाही. हे शाळेत मिळवलेलं कुठेही गेलेलं नाही आणि या कोर्सला ते लागणारच आहे. पण सरांनी दिलेला सी प्लसही मला चुकीचा वाटला नाही. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या कशा, ते सांगते.

तुझी सुरुवात अशी आहे: ‘आजच्या धकाधकीच्या युगात तंत्रज्ञान हा मानवी जीवनाचा अविभाज्य भाग बनला आहे. नाण्याला जशा दोन बाजू असतात, तशाच लॅपटॉपलाही आहेत.’ मग एक परिच्छेद फायद्यांचा, त्यातच शेवटी तोट्यांची दोन वाक्यं, आणि समारोपाला ‘अति तेथे माती, म्हणून विवेकाने वापर करावा.’ ही घडण मी हजार वेळा वाचली आहे. हिच्यात वाईट काही नाही, ती एका वेगळ्या कामासाठी बनलेली आहे. शाळेतला निबंध तपासणाऱ्याला बघायचं असतं की मुलीला विषय कळला का, भाषा हाताळता येते का, सुरुवात-मध्य-शेवट जमतो का. तिथे दोन्ही बाजू मांडून कुणालाही न दुखावता बाहेर पडणं हा गुण असतो. मतं मागितलेलीच नसतात, म्हणून ती न देण्याचे मार्क कापले जात नाहीत.

कॉलेजच्या लेखनवर्गात वाचणारा वेगळेच प्रश्न घेऊन बसलेला असतो. तुझं म्हणणं काय? मी ते का मानावं? मानलं, तर माझ्या विचारात काय बदलेल? सरांच्या तीन शेऱ्यांत हेच तीन प्रश्न आहेत. ‘बरं, मग?’ हा शेरा बोचतो, माहीत आहे. मला तो पहिल्यांदा मिळाला तेव्हा दोन दिवस पेपर उघडला नव्हता. पण तो प्रश्न खराखुरा विचारलेला असतो. वाचणारा तुझ्यासोबत तिथवर आलाय आणि पुढे कुठे जायचं ते तुलाच विचारतोय.

आता पहिला शेरा घे. ‘हे तुझं म्हणणं की सगळ्यांचं?’ हे तपासायची माझी एक साधी रीत आहे. वाक्य मोठ्याने वाच आणि समोर एखादा शहाणा, अभ्यासू माणूस बसला आहे असं धर. तो ‘नाही, मला पटत नाही’ म्हणू शकतो का? ‘लॅपटॉपचे फायदे आणि तोटे दोन्ही आहेत’ या वाक्याला जगात कुणीच नाही म्हणणार नाही. ज्याला कुणी नाकारू शकत नाही, ते सिद्ध करण्यात पाच पानं कशाला घालवायची? ‘वर्गात लॅपटॉपवर बंदी घालावी’ याला नाही म्हणणारे पुष्कळ आहेत, म्हणजे इथे निदान वाद आहे. पण हेही अजून पातळ आहे. ते दाट कसं होतं, ते तुझ्याच पेपरातून दाखवते.

तू लिहिलंयस: ‘हाताने लिहिल्याने जास्त लक्षात राहते, हे संशोधनाने सिद्ध झाले आहे.’ सरांनी विचारलं, कोणी आणि कसं. यात त्यांना फक्त तळटीप हवी असती, तर ‘संदर्भ दे’ एवढंच लिहिलं असतं. तू ज्या संशोधनाकडे बोट दाखवतेस ते बहुतेक पॅम म्युलर आणि डॅनियल ओपनहायमर यांचं, २०१४ सालचं. त्यांनी विद्यार्थ्यांना भाषणांचे व्हिडिओ दाखवले, काहींना हाताने आणि काहींना लॅपटॉपवर टिपणं काढायला सांगितली आणि नंतर प्रश्न विचारले. पहिल्या प्रयोगात नुसत्या माहितीच्या प्रश्नांत दोन्ही गट जवळजवळ सारखे राहिले. संकल्पना समजली का, हे पाहणाऱ्या प्रश्नांत लॅपटॉपवाले मागे पडले. त्यांच्या टिपणांत शब्द जास्त होते आणि वक्त्याची वाक्यं जशीच्या तशी उतरवलेली होती. ‘शब्दशः लिहू नका’ असं बजावून पाहिलं, तरी ते तसंच लिहीत राहिले. पुढे २०२१ मध्ये हेदर उरी आणि सहकाऱ्यांनी तोच प्रयोग पुन्हा केला. शब्दशः उतरवण्याचा भाग पुन्हा तसाच दिसला, पण टिपणांनंतर थोड्या वेळाने घेतलेल्या चाचणीत दोन गटांच्या मार्कांत तसा फरक सापडला नाही.

आता ‘सिद्ध झाले आहे’ हे शब्द तुला लिहिता येतील का? नाही येणार. पण हात रिकामे झालेत असं समजू नकोस, उलट आता तुझ्याकडे आधीपेक्षा खूप जास्त आहे. लॅपटॉपवर माणूस शब्दशः उतरवत जातो, हे दोन्ही वेळा दिसलं. त्याने समज कमी होते का, यावर दोन प्रयोग दोन गोष्टी सांगतात. मग तुझं म्हणणं असं होऊ शकतं: ‘लॅपटॉपवर सरसकट बंदी घालण्याइतका पुरावा नाही, पण ऐकलेलं स्वतःच्या शब्दांत उतरवायला कुणी शिकवतच नसेल, तर टिपणं कशावरही काढली तरी ती उपयोगाची होत नाहीत.’ हे वाक्य मी उदाहरणादाखल केलंय, ते उचलू नकोस. पण बघ, याला नाही म्हणणारा माणूस मिळेल, याच्यासाठी पुरावा द्यावा लागेल आणि ‘बरं, मग?’ला उत्तरही यातच आहे: बंदीवर वेळ घालवण्यापेक्षा टिपणं काढायला शिकवा. विज्ञान शिकणारी मुलगी म्हणून तुला हे माझ्यापेक्षा चांगलं जमायला हवं. प्रयोगशाळेत एकाच मोजमापावरून तू नियम लिहीत नाहीस.

शेजारच्या मुलाचा पेपर मी पाहिलेला नाही, त्यामुळे त्याला ए मायनस का मिळाला ते मला सांगता येणार नाही. एवढं सांगते, की अशा कोर्समध्ये शुद्धलेखन आणि व्याकरण हा सहसा पाच-सहा निकषांपैकी एक असतो. म्हणणं, पुरावा, मांडणीचा क्रम, संदर्भांचा वापर हे उरलेले. त्यातलं कशाला किती वजन, ते तुमच्या कोर्सच्या पहिल्या दिवशी वाटलेल्या कागदात किंवा रुब्रिकमध्ये, म्हणजे निकषांच्या तक्त्यात, दिलेलं असेल. ते काढून एकदा शांतपणे वाच. बहुतेक मुलं पहिला ग्रेड येईपर्यंत ते उघडत नाहीत. आणि हो, त्यावरून चुका चालतात असा अर्थ काढू नकोस. वाक्य कळेनासं झालं की म्हणणंही बुडतं. तुझ्याकडे ती अडचण नाही, एवढंच.

‘सगळं मर्जीवर असतं का?’ या प्रश्नाला मी गुळगुळीत उत्तर देणार नाही. लेखन तपासताना माणसामाणसांत फरक पडतो आणि तो जुना आहे. १९१२ मध्ये अमेरिकेत डॅनियल स्टार्च आणि एडवर्ड इलियट यांनी इंग्रजीच्या दोन उत्तरपत्रिकांच्या प्रती बऱ्याच शाळांना पाठवल्या. १४२ शिक्षकांनी तपासल्या. शंभरपैकी एका पेपराला ६४ पासून ९८ पर्यंत मार्क पडले, दुसऱ्याला ५० पासून ९७ पर्यंत. पेपर तेच, अक्षर न अक्षर तेच! १९६१ मध्ये पॉल डीडरिक आणि सहकाऱ्यांनी पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांचे ३०० पेपर ५३ जणांना वाचायला दिले. त्यांत शिक्षक होते, संपादक होते, वकील होते. नऊ श्रेणींत वाटा म्हटलं, पण निकष कुठलेच दिले नाहीत. ३०० पैकी १०१ पेपर असे निघाले की त्यांना नऊच्या नऊ श्रेणी कुणी ना कुणी दिल्या होत्या.

पण पुढचं जास्त कामाचं आहे. डीडरिक यांनी हे वाचणारे कशावरून ठरवतात ते शोधलं, तेव्हा त्यांचे पाच गट पडले: विचारांकडे पाहणारे, रचनेकडे पाहणारे, भाषेच्या चुकांकडे पाहणारे, शब्दांच्या निवडीकडे पाहणारे, आणि लेखनातून दिसणाऱ्या माणसाकडे पाहणारे. सगळ्यांत मोठा गट विचारांकडे पाहणाऱ्यांचा होता. प्रत्येकजण काहीतरी खरंच पाहत होता, फक्त वेगवेगळं. म्हणून निकष आधी लिहून ठेवायचे, ते विद्यार्थ्यांना दाखवायचे, शिक्षकांनी काही पेपर एकत्र बसून तपासायचे, अशा पद्धती पुढे रुजल्या. त्यांनी फरक कमी होतो, संपत नाही.

हे मी स्वतःच्या अनुभवावरूनही सांगते. शिकवायला लागले त्या दुसऱ्याच वर्षी नजरचुकीने एक पेपर माझ्याकडून दोनदा तपासला गेला. एका प्रतीवर बी, दुसरीवर बी प्लस. दोन्ही माझ्याच हाताने. मी त्या मुलाला बोलावून दोन्ही दाखवल्या, वरचा ग्रेड नोंदवला, आणि त्यानंतर निकषांचा कागद शेजारी ठेवल्याशिवाय पेपर हातात घेतला नाही. तेव्हा सी प्लस आणि बी मायनस यांच्यामधली भिंत फार पक्की असते असं मी कधीच म्हणणार नाही. पण तुझ्या पेपरात म्हणणं कुठे आहे, हा प्रश्न त्या भिंतीवर अवलंबून नाही. तो पाचांपैकी कुठल्याही गटातल्या वाचणाऱ्याला पडला असता.

आता दहा दिवसांचं बघू.

ग्रेडवर एक कागदाची पट्टी चिकटव. मी गंभीरपणे सांगतेय. रूथ बटलर यांनी १९८८ मध्ये शाळकरी मुलांवर एक अभ्यास केला होता. काहींना फक्त शेरे दिले, काहींना फक्त मार्क, काहींना दोन्ही. फक्त शेरे मिळालेली मुलं पुढच्या कामात सुधारली. मार्क आणि शेरे दोन्ही मिळालेल्यांना त्या शेऱ्यांचा फायदा झाला नाही. ती मुलं तुझ्यापेक्षा लहान होती, तरी तुझ्या पत्रातही हेच दिसतं. तू चार शेरे मला अगदी अचूक उतरवून पाठवलेस आणि त्यातल्या एकाबद्दलही प्रश्न विचारला नाहीस. सगळे प्रश्न ग्रेडबद्दल आहेत.

दुसरं, ‘सुधारून देणं’ या शब्दांनी फसू नकोस. नॅन्सी सॉमर्स यांनी १९८० मध्ये २० नवे विद्यार्थी आणि २० अनुभवी लेखक यांची पुनर्लेखनाची पद्धत ताडून पाहिली. विद्यार्थ्यांना पुनर्लेखन म्हणजे शब्द बदलणं वाटत होतं: हा शब्द परत आला, तो काढ, तिथे चांगला घाल. अनुभवी लेखक मात्र आपल्याला नक्की काय म्हणायचंय ते पुनर्लेखनातच शोधत होते. परिच्छेद उचलून हलवत होते, अख्खे टाकून देत होते. तुझ्यासारखी, जिला शब्द छान येतात, तिला पहिल्या पद्धतीचा मोह जास्त होतो. ‘अविभाज्य’ऐवजी ‘अनिवार्य’ घालून हा पेपर सुधारणार नाही.

सरांकडे जा. मार्कांसाठी रडणारी कोण आणि शिकायला आलेली कोण, हे पहिल्या वाक्यात कळतं. ‘माझे मार्क का कापले?’ असं विचारलंस तर त्यांना ग्रेडचा बचाव करावा लागेल आणि तुम्ही दोघं त्या एका अक्षराभोवती फिरत राहाल. त्याऐवजी विचार, ‘सर, वाचताना तुम्ही पहिल्यांदा कुठे अडलात?’ आणि दुसरं, ‘माझं म्हणणं मी आता एका वाक्यात असं मांडलंय, यावर पेपर उभा राहील का?’ ते वाक्य लिहून ने. रिकाम्या हाताने गेलीस तर बोलणं हवेत जाईल. शिक्षक म्हणून सांगते, अशी लिहिलेली एक ओळ घेऊन येणाऱ्या मुलांची आम्ही वाट बघत असतो.

चॅटबॉटबद्दल थोडक्यात. तुमच्या कोर्सचा नियम काय ते आधी पाहा, आणि तो मोडू नकोस. त्याचे परिणाम सी प्लसपेक्षा कितीतरी जड असतात. नियम बाजूला ठेवला तरी एक बघ. तुझ्या पेपरात जे जास्त झालंय, म्हणजे सगळ्यांना मान्य होतील अशी घोटीव वाक्यं, तेच तुला तिथून आणखी मिळेल.

राहता राहिला चौथा शेरा, आणि तो मी मुद्दाम शेवटी ठेवला. ‘पेपर इथे सुरू होतो.’ तुला तो टोमणा वाटला असावा, म्हणजे आधीचं सगळं फुकट गेलं. मी ते पान पुन्हा पुन्हा वाचलं. तिसऱ्या परिच्छेदात तू लिहिलंयस: ‘मी स्वतः एक महिना लॅपटॉपवर टिपणं काढली. परीक्षेच्या आदल्या रात्री ती उघडली. सरांचं प्रत्येक वाक्य त्यात होतं आणि मला त्यातलं एकही समजत नव्हतं.’ मग लगेच घाबरल्यासारखी ‘तथापि प्रत्येकाचा अनुभव वेगळा असू शकतो’ म्हणत तू मागे फिरलीस आणि पुन्हा नाण्याच्या दोन बाजूंकडे गेलीस. त्या तीन वाक्यांत ‘अविभाज्य’ नाही, ‘युग’ नाही, सुविचार नाही. तिथे एक मुलगी काहीतरी पाहते आहे आणि ते तिला खटकतं आहे. म्युलर आणि ओपनहायमर यांनी प्रयोगात जे टिपलं, ते तू त्या रात्री पाहिलंस. प्रत्येक वाक्य होतं, मग समजलं का नाही? हाच तुझा प्रश्न, आणि तो तुला स्वतःला पडलेला आहे. मी त्या समासात असते, तर मीही तेच लिहिलं असतं.

तेव्हा पहिले दोन परिच्छेद आणि समारोप एका वेगळ्या फाइलमध्ये हलव. पुसू नकोस, पुसायला जड जातं. कोऱ्या पानावर ती तीन वाक्यं उतरव आणि त्यांच्याखाली लिही, ‘असं का झालं असावं?’ चौथं वाक्य तिथून लिहायला घे, आणि जमेल तसं, वाकडंतिकडं झालं तरी, दोन दिवस लिहीत राहा. शुद्धलेखन नवव्या दिवशी बघ. त्यात तुला अर्धा तासही लागणार नाही.

– ताई